डागकाका आणि तीन अक्षरं

दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला भंगार म्हणायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? मलाही कोणी दिला नव्हता. तरी मी म्हणाले. आणि ज्या माणसाला म्हणाले, त्याची ही गोष्ट आहे.

डागकाका. खरं नाव वीजबिलावर आहे, तिथंच राहू दे. डाग देणं म्हणजे सोल्डर करणं; जन्मभर तेच केलं म्हणून हे नाव चिकटलं. दुकान गल्लीच्या तोंडाशी. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं श्वास बाहेरच घ्यायचा. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, आता मोबाइल. शाळा चौथीत सुटली. पण "यंत्रानं कधी माझ्याकडं दाखला मागितला नाही," म्हणायचे. कोणी चिडवलं, "काका, सगळ्या गल्लीला डाग लावलात की हो," तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "डाग लागल्याशिवाय दोन टोकं जोडली जात नाहीत, बाळा."

त्यांचा एक नियम होता, कधी न मोडलेला. झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरी काढायची. "वस्तूत जीव ठेवून तिच्या पोटात हात घालायचा नाही."

लेक एकुलती एक. एकोणिसाव्या वर्षी कावीळ झाली आणि बावीस दिवसांत गेली. त्याला सहा वर्षं झाली. दुसऱ्या आठवड्यात काका दुकानात बसले तेव्हा लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. घरात मात्र तिचं नाव निघेना. काकूंना सोसणार नाही म्हणून काका गप्प, काकांना सोसणार नाही म्हणून काकू गप्प.

आता माझं पाप. घरकाम करणाऱ्या बायकांची आमची संघटना, तिची एक खोली. सरकारी कचेरीच्या खिडकीवर सांगतात, अर्ज कॉम्प्युटरवरच भरा. कॉम्प्युटर नाही म्हटलं की खिडकी बंद. त्या खिडकीशी मी इतकी भांडले आहे की मला बघून तिथला शिपाई चहाला उठतो. हातापाया पडून एक कॉम्प्युटर मिळवला होता, तर कोणीतरी कुलूप तोडून नेला. मी तणतणत काकांकडे गेले.

"काका, कोणी चोरणार नाही असा कॉम्प्युटर करून द्या."

"चोराला तो कॉम्प्युटर वाटला नाही की झालं," काका म्हणाले. "हल्ली खेळातल्या पत्त्याएवढ्या बोर्डावर अख्खा कॉम्प्युटर मिळतो. कशात लपवायचा तेवढं तू बघ."

"बघायचं काय त्यात? तुमच्या टीव्हीखाली तो व्हिडिओ गेमचा डबा पडलाय ना? भंगारच आहे."

काकांचा हात थांबला. डबा लेकीचा होता, दहाव्या वर्षी घेतलेला. बराच वेळ त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक शर्टाला पुसलं.

"पडूनच आहे," ते म्हणाले. "चार बायकांच्या कामी आला तर तिलाही आवडेल."

सकाळी डबा उचलताना काकूंनी विचारलं, "कुठं नेताय?" काका म्हणाले, "साफ करून आणतो." एवढंच. काकूंना वाटलं, धूळ.

चार दिवस ते त्यावरच बसले. दुकानावर बाकीच्या वस्तूंचा ढीग साचला. झाकण उघडलं, नियमाप्रमाणे आधी नाण्याएवढी बॅटरी काढून मेलेल्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकली. जुना बोर्ड वर्तमानपत्रात बांधून फळीवर ठेवला. बाकी लेकीच्या वस्तूचा एक खिळाही टाकणार नव्हते. नवा बोर्ड छोटा, डबा मोठा, म्हणून आत चार पाय उभारले. खेळायच्या वायरी जिथं लागायच्या तिथं कानस लावून कीबोर्ड आणि माउसची भोकं केली. सुरू करायचं बटण मात्र तेच ठेवलं, आणि त्याच्या बाजूचा हिरवा दिवाही तोच.

पाचव्या दिवशी दुपारी आमच्या खोलीत तो दिवा लागला. जिने पुसणाऱ्या मावशींचा अर्ज पहिला गेला. मावशींनी पडद्याला हात जोडले. मी म्हणाले, "अहो, त्याला नाही, काकांना." सगळ्या हसल्या. काकाही हसले. सहा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले.

तेवढ्यात दारात काकू.

"झाला का साफ? द्या मग इकडं. चार दिवस माझं दुपारचं राहिलंय."

"दुपारचं काय?" काका म्हणाले.

काकूंनी आमच्याकडं पाहिलं, लाजल्या, आणि मग सांगितलं. त्या खेळात सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्यांची यादी असते, दहा ओळींची. नावाला जागा तीनच अक्षरांची, तीही इंग्रजी. पोरीनं स्वतःचं नाव कधी घातलंच नाही. दहाच्या दहा ओळींत एकच: ए, ए, आय. आई. काकूंना इंग्रजी येत नाही, पण ती तीन ओळखतात. काका जेवून दुकानात गेले की रोज डबा लावायच्या, यादी बघायच्या, बंद करायच्या.

"हाक मारते ती मला," काकू म्हणाल्या. "ए... ए... आय."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी डबा उचलला आणि दुकानाकडं निघाले, आम्ही मागं. स्क्रू काढले, नवा बोर्ड बाहेर, जुना आत. सोडवलेल्या वायरी पुन्हा डाग देऊन जोडल्या. त्यात हात तीन ठिकाणी भाजला. नवी बॅटरी घातली. दुकानातल्या टीव्हीला जोडल्यावर यंत्रानं आधी तारीख विचारली, जणू आजच जन्मलं होतं. मग खेळ. मग यादी.

दहा ओळी. ए, ए, ए. कंपनीनं भरलेल्या, जागा रिकामी दिसू नये म्हणून.

काकू पडद्याजवळ गेल्या. बोटानं एकेक ओळ पाहिली, वरून खाली, पुन्हा वर.

"हाक मारतेय," त्या म्हणाल्या. "पण कोणाला, ते नाही सांगत."

"मला सांगायचं नाही होय गं?" काका एवढंच म्हणाले.

"तुम्हाला त्रास झाला असता."

मी नेहमीसारखी ओरडले. काका, काहीतरी करा, असेल कुठं तरी आत! ते म्हणाले, "त्या नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर उभं असतं ते, ती काढली की गेलं. शोधायला मागं काही उरत नाही." मग मी शहाणपण केलं: आपणच खेळून ती अक्षरं पुन्हा घालू.

काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू घातलीस तर ती तुझी हाक होईल, बाई."

दोन दिवसांनी काकूंनी स्वतः डबा आमच्या खोलीत आणून दिला. "आता रिकामाच आहे, वापरा." काकांनी नवा बोर्ड परत बसवला, आणि आज त्यातून आमचे अर्ज जातात. काका अजून दुकानात बसतात. नियम बदललाय: कोणी काही दुरुस्तीला आणलं की आधी विचारतात, "यात कोणी काही ठेवलंय का?" नवं गिऱ्हाईक हसतं. काका हसत नाहीत, उत्तर मिळेपर्यंत झाकण उघडत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. काकांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, त्या टीव्हीसमोर, गल्लीतली अर्धी पोरं खेळायला बसायची. आता तुम्ही मोठे झालात, कुठं कुठं पांगलात. त्या खोलीत काढलेला एखादा फोटो तुमच्याकडं असेल. जुन्या मोबाइलमध्ये, एखाद्या कपाटात. त्यात तुम्ही कसे दिसता ते नका बघू. मागं टीव्ही दिसतोय का, त्यावर दहा ओळी दिसतायत का, तेवढं बघा. कितीही धूसर असू दे. पुसू नका. काकूंना आणून द्या.