गोलूचे लाडू आणि माझा हंडा

आमच्या गावच्या दारूबंदी समितीच्या वहीत शेवटचं नाव माझं आहे, आणि ते माझ्याच अक्षरात आहे. कारण समितीची सचिवही मीच.

याला जबाबदार शेजारच्या वनिताचा गोलू. वय वर्षं चार. चिखलात लोळतो, पावसात भिजतो, कोंबड्यांमागे अनवाणी धावतो आणि शिंकत म्हणून नाही. माझी चिमी त्याच्याहून आठ दिवसांनी मोठी. तिला मी स्वेटर, कानटोपी, मोजे घालून घरात बसवायची (हो, आषाढातसुद्धा), तरी तिचं नाक बारा महिने वाहायचं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन व्हायचं. तक्त्यावर गोलूचा ठिपका हिरव्या पट्ट्यात, चिमीचा पिवळ्यात. वनिता बाजूलाच उभी असायची आणि म्हणायची, "होते वो हळूहळू." तिचा तो समजूतदारपणा मला ठिपक्यापेक्षा जास्त झोंबायचा. खोटं कशाला बोलू, मी जळत होते. चिमीच्या वजनाची काळजी होतीच, पण निम्मी झोप गोलूच्या वजनाने उडवली होती.

"वनिता त्याले लपूनछपून काहीतरी चारते," मी आमच्या ह्यांना म्हटलं.

हे एसटीत कंडक्टर. दिवसभर लोकांशी बोलून घरी शब्द उरत नाहीत. "मंग विचार ना तिले," एवढंच म्हणाले.

विचारायचं? मी? तिला? त्यापेक्षा मी बांबूच्या कुंपणाला डोळा लावला. दोन दिवस काही दिसलं नाही, डोळ्यात मात्र कुसळ गेलं. तिसऱ्या दिवशी वनिताने सुपातली वाळलेली मोहफुलं पातेल्यातल्या पाण्यात टाकली. जवळ तीळ होते, गूळ होता, आणि गोलू "लाडू, लाडू" करत तिच्याभोवती नाचत होता. सापडलं! तेवढ्यात घरात माझं दूध उतू गेलं आणि मी आत पळाले, त्यामुळे पुढचं पाहायचं राहिलं. (माझ्या सगळ्या बदनामीचं मूळ ते दूध आहे.)

वनिताने मोहफुलं घेतली होती दोन मुठी. मी घेतली पायलीभर. हंड्यात टाकली, वर पाणी ओतलं. मग वाटलं, गूळ नंतर कशाला, आत्ताच टाकला तर चांगला मुरेल, लाडवांत ताकद दुप्पट. अर्धी भेली टाकली. मुंग्या लागू नयेत म्हणून तोंडाला पोतं बांधलं, आणि ऊब राहावी म्हणून हंडा चुलीमागे सरकवला. आता पाहा, गावात दारूसाठी कोणी मोह सडवायला घातला की त्याचा हंडा हुडकून काढायला सगळ्यांत पुढे मी असते. मोह, गूळ, पाणी, ऊब, वर पोतं, हे सगळं मला पाठ आहे. पण त्या दिवशी डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. डोक्यात हिरवा पट्टा होता.

त्याच संध्याकाळी चिमीला ताप भरला. कुरखेड्याच्या दवाखान्यात तीन दिवस काढले. हंड्याची आठवण कोणाला राहते? लेकरू नुसतं पडून होतं, आणि मी देवाला म्हणत होते, गोलूचं वजन असू दे बाबा तेवढंच, हिचा ताप उतरव. चौथ्या दिवशी उतरला. घरी पोचलो तर वनिता दारातच. "तू आंघोळ करून घे, मी पोरीले जेवू घालतो," म्हणाली आणि चिमीला कडेवर घेऊन गेली.

आंघोळ करून बाहेर आले आणि नाकात वास शिरला. गोड, आंबूस. मोहाचा सडवा! दारूसाठी सडवलेल्या मोहाचा वास माझ्या नाकाला चुकत नाही. वास वनिताच्या बाजूने येत होता. निदान तो तिकडूनच यावा असं मला फार वाटत होतं. तीन दिवसांचा शीण कुठल्या कुठे पळाला. मी चौकात जाऊन थाळी वाजवली. दहा बाया काठ्या घेऊन जमल्या.

"कोणाच्या घरी वो?" समितीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गिरजाबाईंनी विचारलं.

"वनिताच्या."

"वनिताच्या? बाप्पा, ते तं चहाही फिका पेते."

"वास येऊन राह्यला म्हणजे येऊन राह्यला," मी म्हटलं आणि पुढे झाले.

वनिताच्या मोरीवर चिमी आणि गोलू साबणाने हात धूत होते. ताटात भात आणि तरोट्याची पालेभाजी. घरी भाजी पाहून तोंड फिरवणारी माझी पोर हात पुसून तीच भाजी खायला बसली. वनिताने आम्हाला सगळं घर दाखवलं. वर म्हणाली, "धानाची कोठीही पाहून घ्या." काही निघालं नाही.

गिरजाबाईंनी अंगणात उभं राहून हवेत नाक फिरवलं. "शोभे, वास तं तुह्या घरून येऊन राह्यला."

मी हसले. "चला, माह्यंही घर पाहा." किती थाटात पुढे चालत होते, आठवलं की अजून कानशिलं तापतात.

चुलीमागे पोत्याखाली हंडा बुडबुडत होता.

"हे लेकराचं औषध हाये," मी म्हटलं.

"सगळे तेच म्हणतात," गिरजाबाई म्हणाल्या.

नियम असा की ज्याचा सडवा त्यानेच तो चौकात नेऊन सगळ्यांदेखत ओतायचा, आणि सचिवाने वहीत नाव लिहायचं. नियम माझाच. ओतलाही मी आणि लिहिलंही मी.

वनिता रिकामा हंडा धरायला आली. "मोहफुलं भिजू नाई घालत वो. नुसती धुवाची, मंग भाजाची, कुटाची. अन् लाडू एकच देतो मी, तोही कधीमधी. मले विचारलं काऊन नाई?"

"मंग गोलूले देते तरी काय?" मी शेवटी विचारलं.

"काई नाई वो. हात धुवाले लावतो, घरात असन ते भाजी, वरण, अंडं खाऊ घालतो. दिवसभर मोकळा खेळते, दिवे लागले का जेवून झोपते. लसीचे डोस तेवढे वेळेवर देतो. तू तं पोरीले कोंडूनच ठेवते."

एवढंच? इतक्या साध्या गोष्टीसाठी मी कुंपणाला डोळा लावून बसले होते? मला तर फसवल्यासारखंच वाटलं.

कानटोपी पेटीत गेली. चिमी रोज गोलूच्या पंगतीला बसू लागली. दोन महिन्यांनी अंगणवाडीत तिचं वजन झालं आणि बाईंनी ठिपका दिला. हिरव्यात. सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या, काय केलं म्हणून. मी घसा साफ केला, पण चिमीच आधी बोलली, "मी वनिताकाकूकडे जेवतो. आई घरी सडवा करते."

हसण्याचा गोंगाट झाला. मी डोळ्यांना पदर लावला. "आनंदाचं रडू हाये," वनिता बायांना म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. होतंही आनंदाचं. पण त्याआधीच मी मान वाकडी करून गोलूचा ठिपका पाहून घेतला होता. अजूनही दोन बोटं वरच होता.