दुसरा बार

एल्डन ब्रेक्केच्या हाताखालून गेलेलं पिस्तूल डोळे मिटून घ्यावं, असं नॉर्बी गावात सगळे म्हणत. उत्तर डाकोटात प्रत्येकाच्या घरी एखादं तरी हत्यार असतंच, आणि हत्याराबद्दल प्रत्येकाला स्वतःचं मतही असतं. तरी एल्डनने मान हलवली की वाद मिटत असे.

त्याच्या बापाची खडीची खाण होती. खडी संपली आणि खड्डा उरला. त्या खड्ड्यात एल्डनने चांदमारी सुरू केली. तिन्ही बाजूंना मातीच्या उंच भिंती, चौथ्या बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये लाकडं जाळायची शेगडी. शेरीफच्या कचेरीची हत्यारं तपासणं आणि तिथल्या पोलिसांना नेमबाजी शिकवणं, ही दोन्ही कामं वर्षानुवर्षं त्याच्याकडेच होती.

तपासण्याची त्याची एक पद्धत ठरलेली होती. आधी पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून नेम पाहायचा. मग उभं राहून, उजव्या हाताने, डाव्या हाताने. मग ते चिखलात बुडवायचं, वाळूत लोळवायचं, शेडच्या छपरावरून खाली टाकायचं. शेवटी फडक्यात गुंडाळून बायकोच्या फ्रीझरमध्ये, हरणाच्या मटणाच्या पुड्यांशेजारी ठेवायचं.

"एल्डन, तुझं बाळ माझ्या वाटाण्यांवर झोपलंय," व्हर्ना स्वयंपाकघरातून ओरडायची. "उचल त्याला, नाहीतर आज रश्शात घालीन."

आणि पिस्तूल अडकतं अशी तक्रार घेऊन कोणी आला, की एल्डन त्याला गोळी झाडायला लावी, एकदा बघे आणि म्हणे, "मनगट सैल धरलंस." लहान आणि हलक्या पिस्तुलाचं तसंच असतं. बार उडाला की त्याची वरची स्लाइड धक्क्याने मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि नवी गोळी आत घेते. पण धरणाऱ्याचं मनगट घट्ट हवं. ते लवलं तर धक्का हातातच जिरतो, स्लाइड अर्ध्यात थांबते आणि पुंगळी बाहेर पडायच्या तोंडातच अडकून बसते. म्हणजे हत्यार ठीक, हात वाईट. शेगडीभोवतीचे लोक हसायचे आणि तक्रार करणारा लाल कानांनी घरी जायचा.

शेरीफच्या कचेरीने जुनी वजनदार पिस्तुलं बदलून लहान घ्यायचं ठरवलं, तेव्हा कोणतं घ्यायचं हे एल्डननेच ठरवलं. त्या पिस्तुलाने त्याच्या सगळ्या परीक्षा पार केल्या. पुढच्या हिवाळ्यात डेरिक सोल्हाइम गेला.

डेरिक आर्डिसचा एकुलता एक मुलगा. आर्डिस गावातल्या बायकापुरुषांचे केस कापते, त्यामुळे तिचं पोर गावातल्या प्रत्येकाने खुर्चीशेजारी रांगताना पाहिलेलं. मोठा होऊन शेरीफच्या कचेरीत लागला. त्या फेब्रुवारीत त्याने महामार्गावर एक चोरीची गाडी अडवली. गाडीतल्या माणसाने उतरताउतरता गोळी झाडली, ती डेरिकच्या उजव्या दंडात लागली. तो रस्त्याकडेच्या चरात पडला. डाव्या हाताने त्याने पिस्तूल काढलं आणि एक बार टाकला. दुसरा टाकला नाही. तो माणूस चालत जवळ आला.

पुढे तो पकडला गेला आणि कोर्टात म्हणाला, "पिस्तूल हातात होतं त्याच्या. झाडलं नाही. गुडघे पोटाशी घेऊन लहान पोरासारखा पडला होता."

पिस्तूल मोठ्या शहरातल्या तपासनिसांनी पाहिलं, नंतर एल्डननेही पाहिलं. दोघांनी एकच सांगितलं: बिघाड नाही. त्यावर गावाने आपला निष्कर्ष काढला. वाईट बोलायचं कोणाच्या मनात नव्हतं. चर्चच्या तळघरात रविवारच्या कॉफीला बसलं की कोणीतरी हळूच म्हणायचं, "भीतीने गोठला बिचारा. कोणाचंही होऊ शकतं." बाकीचे माना हलवायचे. एल्डन कप ढवळत बसायचा. त्याचं काम पिस्तुलाबद्दल सांगायचं होतं, ते त्याने सांगितलं होतं.

पण त्या हिवाळ्यापासून त्याचं काहीतरी बिनसलं. एकटा गोळी झाडत असला की एका बारानंतर तो थांबायचा. आवाज मातीच्या भिंतींना लागून परत यायचा, विरून जायचा, आणि तरी एल्डन कान देऊन उभाच. अगदी डावीकडच्या जागेवर डेरिक शिकला होता. तिथे तो आता कोणाला उभं करत नसे. त्या जागेवरचा बर्फ कोरा असायचा, आणि त्या कोऱ्या बर्फावर कोणीतरी श्वास रोखून उभं आहे, हे मानेच्या मागच्या कातडीला कळायचं. एल्डन देवभोळा नव्हता. तो तिकडे बघत नसे, एवढंच.

"कोणाची वाट बघतोयस?" एकदा डबा घेऊन आली असताना व्हर्नाने विचारलं.

"वारा पडायची," तो म्हणाला. वारा नव्हताच.

दोन वर्षांनी, जानेवारीतल्या एका दुपारी, आर्डिसची गाडी खड्ड्यात उतरली. एल्डन शेडमध्ये एकटाच होता. ती काखेत एक लाकडी पेटी घेऊन आत आली, बुटावरचा बर्फ झटकला आणि आधी त्याच्या डोक्याकडे बघितलं.

"हे कोणी कापले?"

"व्हर्नाने."

"बागेच्या कात्रीने?"

एल्डन ओशाळला. "बरे दिसतात की."

"मेंढराला बरे दिसले असते. दोन वर्षं माझ्या खुर्चीत बसला नाहीस, एल्डन. मला कळत नाही असं वाटलं होय तुला?"

तिने पेटी टेबलावर ठेवली. पेटीला पुढून काच होती, आत मखमलीवर डेरिकचा बिल्ला आणि त्याचं पिस्तूल. खटला संपला होता आणि कचेरीने रिवाजाप्रमाणे ते घरच्यांना दिलं होतं.

"शेरीफ म्हणाला, भिंतीवर लाव. मी केस कापू आणि हे वरून बघत बसेल?" तिने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि काच सोडवायला लागली. "तू म्हणालास बिघाड नाही. मला चालवून दाखव. कागदावरचं मी ऐकलं. मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

नाही म्हणायला एल्डनला तोंड नव्हतं. त्याने पिस्तूल पुसलं, तेल दिलं, गोळ्या भरल्या. बाहेर जाऊन त्याने सगळ्या गोळ्या एकापाठोपाठ झाडल्या. कागदावर तळहाताने झाकतील एवढ्याशा जागेत सगळी भोकं. मग डाव्या हाताने झाडल्या. तेच.

"बघ," तो म्हणाला. "काही बिघाड नाही." आणि म्हटल्याबरोबर त्याला जीभ चावावीशी वाटली.

"म्हणजे बिघाड माझ्या पोरात."

"मी तसं कधी म्हटलं नाही, आर्डिस."

"नाही म्हटलंस. दुसरे म्हणतात आणि तू शेजारी बसून साखर ढवळतोस. आण इकडे."

"तुला सवय नाही."

"भरून दे, एल्डन."

ती उभी राहिली ती नेमकी डावीकडच्या त्या जागेवर. कोऱ्या बर्फात तिच्या बुटांचे ठसे उमटले. एल्डन अडवायला गेला, पण अडवायचं कारण काय सांगणार होता? तिने पिस्तूल डाव्या हातात घेतलं. आयुष्यभर कंगवा धरून मनगट गेलेलं, थंडीने बोटं कडक झालेली, कोपर वाकलेलं. बार उडाला. तिचा हात वर फेकला गेला. तिने पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला.

स्लाइडच्या तोंडात रिकामी पुंगळी उभी अडकली होती.

"मनगट सै..." एल्डनच्या तोंडून आपोआप निघालं आणि तिथेच तुटलं.

"काय?"

एल्डनने वाकून अडकलेली पुंगळी जवळून पाहिली.

"बोल की."

"मनगट सैल पडलं की असं होतं," तो सावकाश म्हणाला. "डेरिकच्या उजव्या हातात त्राण नव्हतं. डाव्या हाताने, चरात पडल्यापडल्या, त्या थंडीत... आम्ही तपासतो ते उभं राहून, शेगडीवर हात शेकून."

"मग तपासणाऱ्यांना अडकलेली पुंगळी दिसली कशी नाही?"

"जो पोलीस तिथे पहिला पोचला त्याने पिस्तूल आधी मोकळं केलं असणार. मीच शिकवलंय त्यांना तसं. पुंगळी पडली असेल बर्फात."

आर्डिसने पिस्तूल त्याच्याकडे दिलं. तिचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला पुढून किती कापू विचारावं तसा. "अडकली तर काय करायचं असतं?"

"दुसऱ्या हाताने स्लाइड मागे ओढायची. चुटकीसरशी सुटते."

"दुसरा हात नसला तर?"

तेही त्याने शिकवलं होतं. शेडच्या फरशीवर, सगळ्यांना, डेरिकलासुद्धा. तोंडाने सांगणं जमेना, म्हणून तो आत गेला, पिस्तूल रिकामं केलं, त्याच्या तोंडात एक पुंगळी अडकवली आणि त्या वयात कण्हत फरशीवर आडवा झाला. एका हाताने सोडवायचं तर स्लाइडवर मागच्या बाजूला नेम धरायची जी वर आलेली खाच असते, ती बुटाच्या टाचेला अडकवायची आणि पिस्तूल जोराने पुढे रेटायचं. टाच हाताशी यायला हवी. एल्डनने गुडघे पोटाशी घेतले.

"तसाच राहा," आर्डिस म्हणाली.

तो वर बघायला लागला.

"हलू नकोस." ती दोन पावलं मागे सरली. दारात उभी राहून, लांबून, रस्त्यावरून चालत येणाऱ्याला दिसेल तसं तिने त्याला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेगडीतलं लाकूड फुटलं तेव्हा दोघंही दचकले.

"आता सोडव," ती म्हणाली.

त्याने खाच टाचेला लावली आणि रेटली. ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. जुन्या पिस्तुलांची खाच चौकोनी, काटकोनी धारेची होती, रबरात रुतून बसायची. ह्या पिस्तुलाची उतरती होती, पाण्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत, हिवाळी कोटातून काढताना कापडात अडकू नये म्हणून. त्याच गुणावर एल्डनने हे पिस्तूल निवडलं होतं. चिखल झाला होता, वाळू झाली होती, फ्रीझर झाला होता. टाच राहिली होती.

"हे बघितलं होतंस तू?"

"नाही," फरशीवरूनच एल्डन म्हणाला.

आर्डिसने हात देऊन त्याला उठवलं. "माझ्या घरी चल."

डेरिकचे बूट पायपुसण्यावर होते. त्याचे कपडे आणि बूट तिला पिशवीत भरून परत मिळाले होते. कपडे तिने धुतले, बूट तसेच दाराशी ठेवले, तो कामावरून आल्यावर ठेवायचा तसे. एल्डन गुडघ्यांवर बसला, चष्मा लावला आणि डावा बूट कलता केला. टाचेच्या काळ्या रबरावर ओरखडे होते. एकाच दिशेचे, एकावर एक, मधे रबर चकचकीत झालेलं. कडेला एक खोल होता. तिथे खाच क्षणभर धरली असणार.

"चालून चालून पडलेले नाहीत ना?" तिने विचारलं.

"नाही."

ती भिंतीला टेकली. "मला वाटायचं, घाबरला असेल तर असू दे. घाबरलेल्याला फार कळत नाही. डोळे मिटले असतील, चटकन संपलं असेल. मी तसं ठरवून टाकलं होतं." तिने बुटाकडे बोट केलं. "आता हे. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. तो काम करत होता."

एल्डनने बूट जागेवर ठेवला. "पिस्तूल मी निवडलं होतं, आर्डिस."

"माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मला सांगून काय उपयोग? मी कॉफीला बसत नाही तिथे."

रविवारी चर्चच्या तळघरात एल्डनने कप ढवळला नाही. उभा राहिला आणि पिस्तुलाबद्दल, मनगटाबद्दल, टाचेबद्दल सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. केकची ताटली फिरत होती ती जिच्या हातात होती तिथेच राहिली. डेरिकला बिचारा म्हणणारे एकमेकांकडे बघेनात. शेरीफ वयाने एल्डनहून लहान, मवाळ माणूस. तो म्हणाला, "एल्डन, तुम्ही ते बूट कचेरीत घेऊन या. आपण नीट बघू."

निरोप आर्डिसपर्यंत पोचला. "बूट हलणार नाहीत," तिने सांगितलं. "ज्याला बघायचे त्याने इथे यावं."

आणि लोक आले. आधी एकेकटे, मग नवराबायको मिळून. कोणी केस कापायचं निमित्त केलं, कोणी निमित्तही केलं नाही. आर्डिस दार उघडे, दिव्याचं बटण दाबे आणि बाजूला होई. बूट उचलू देत नसे. बघणाऱ्याने खाली वाकायचं. बहुतेक जण उठताना काही बोलायला तोंड उघडत आणि ती म्हणे, "दार ओढून घे जाताना. थंडी येते."

शेरीफ सगळ्यांत शेवटी गेला. एल्डनच त्याला आपल्या गाडीतून घेऊन गेला, पण स्वतः उतरला नाही. इंजिन चालू ठेवून बसला. शेरीफ आत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा टोपी हातातच होती, आणि त्या गारठ्यात डोक्यावर घालायचं त्याला सुचलं नव्हतं. तो खिडकीशी आला.

"उद्या सगळी पिस्तुलं गोळा करून तुमच्याकडे आणतो."

"आण."

"ती तुम्हाला आत बोलावतेय."

"काय म्हणाली?"

"काही नाही. नुसती दारात उभी आहे."

एल्डनने पाहिलं. दार सताड उघडं होतं. आतला पिवळा उजेड पायरीवरच्या बर्फावर पडला होता आणि घरातली ऊब वाफ होऊन बाहेर जात होती. पायपुसण्यावर बूट दिसत होते, त्यांच्या मागे आर्डिस. ती हात हलवत नव्हती, हाकही मारत नव्हती. दार मात्र लोटत नव्हती. जानेवारीत तिकडे कोणी असं दार उघडं ठेवत नाही.

एल्डनने इंजिन बंद केलं.