हिराबाईंचे पंधरा दिवस

विकतची सगळी खतं घालून थकले, तेव्हा काल गच्चीतल्या कुंड्यांमध्ये माशांची डोकी आणि गूळ पुरला. त्या वासाने वर्तकनगरचं आमचं जुनं अंगण आठवलं. तिथल्या मातीत मिरचीसुद्धा जगत नव्हती. शेजारच्या हिराबाई मासे विकायच्या. एकदा त्यांनी मला न विचारता तिथे बोंबलांची डोकी पुरली. मी ऑफिसातून दमून आलेले.

"हिराबाई, आधी हे काढा."

"माती उपाशी हाय बाय तुझी. पंधरा दिवस कळ काढ."

मी ऐकलं नाही. दिवसभर पाटी वाहिलेल्या हिराबाई उकिडव्या बसून एकेक डोकं हाताने उकरू लागल्या. मी दार लावून घेतलं. पुढे तिथे लाद्या बसवल्या.

आज खालच्या मजल्यावरच्यांची सून आली. "काकू, हा वास अजून किती दिवस?"

"पंधरा," मी म्हटलं. हिराबाईंनीही तेवढेच मागितले होते.