पहिली चीर कधी द्यायची

मी दुबईला निघाले त्या सकाळी बाबा झाडावर होते. शेजारच्या दामूकाकांची जीप अंगणात उभी, मागे माझी बॅग, आई डोळे पुसत मला दही-साखर भरवतेय, आणि आमचे तीर्थरूप वाडीच्या टोकाला शिंदीच्या झाडावर कमरेला दोर बांधून चढलेले. त्या वर्षीची पहिली चीर त्यांनी नेमकी त्याच दिवशी धरली होती. आई वैतागून ओरडली, "पोरगी परदेशी चाललीय, एक दिवस पुढे ढकला की!" वरून उत्तर आलं, "झाडाला तिच्या विमानाची वेळ कळत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ये जाऊन." बाजारात निघालेल्या माणसाला सांगावं तसं. मला भयंकर राग आला आणि तो विमानतळापर्यंत टिकला.

डहाणूच्या बाजूला ज्याला आम्ही शिंदी म्हणतो, ते रानटी खजुराचं झाड. त्याची नीरा काढायची, ती चुलाणावर आटवून काकवी करायची, हा आमच्या घरचा हिवाळ्यातला धंदा. ताडी नव्हे, नीरा. हे मी दुबईत इतक्या वेळा सांगितलंय की आता माझा नवराच माझ्याआधी सांगून मोकळा होतो.

दिवाळीच्या सुमारास खालच्या झावळ्या उतरवायच्या, शेंड्याखालची एक बाजू तासून गोरी करायची आणि झाडाला विश्रांती द्यायची. मग थंडीची वाट बघायची. थंडी मुरली की त्या गोऱ्या भागावर पातळ चीर, खाली बांबूची पन्हळ, पन्हळीखाली आतून चुना फासलेलं मडकं. संध्याकाळी बांधायचं, उजाडताना उतरवायचं. चढणं काय, चार वेळा गुडघे सोलले की कुणालाही येतं. सुरुवात कधी करायची हे ठरवताना मात्र भल्याभल्यांची फजिती होते. घाई केली तर रात्र उबदार असते, नीरा मडक्यातच आंबते, आणि दिलेली चीर काही परत भरून येत नाही. झाडाची मान असते केवढी, दरवर्षी थोडी थोडी कापायची असते. उशीर केला तर शिमग्याच्या आधीच ऊन चढतं आणि हंगाम आटोपतो.

मुलीच्या जातीने चढायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. पण पहाटे बाबा मला उठवून झाडाखाली न्यायचे. खोडावर बॅटरी मारायचे आणि म्हणायचे, "मुंग्या बघ." मुंग्या चालत असतील तर मुकाट्याने घरी परत. मला थंडी वाजतेय, दात वाजतायत, याला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. "तुला वाजते, तिला वाजत नाही अजून," म्हणायचे. ज्या दिवशी खोडावर एकही मुंगी दिसायची नाही, त्या दिवशी ते कोयत्याला धार लावायला बसायचे.

दुबईत उतरले तर जिकडे तिकडे खजुरीच! रस्त्याच्या दुभाजकावर, मॉलच्या दारात, मशिदीच्या अंगणात. करामा भागात आम्ही चार मुली एका खोलीत बेडस्पेस, म्हणजे भाड्याची एकेक खाट, घेऊन राहायचो. पहिल्या हिवाळ्यात खाली बागकामवाल्यांनी झाडांच्या झावळ्या छाटल्या आणि मी रोज ऑफिसला जाताना मान वर करून चीर शोधायला लागले. रूममेटला वाटलं, मला मानेचा त्रास आहे. इथे खजुरीच्या मानेला कोणी हात लावत नाही, इथे तिचं फळ मोलाचं, हे कळायला मला थोडा वेळ लागला. आमची शिंदी गोडवा द्यायला थंडीची वाट बघते. इथली बाई अंगाची लाही करणारं ऊन खाऊन गोड होते. बहिणी बहिणी, पण स्वभाव उलटे. मला दोघीही आवडतात.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये खजुराचा पाक बनवणाऱ्या एका फॅक्टरीत क्वालिटी बघते. त्या पाकाला इथे दिब्स म्हणतात. केमिस्ट्रीची पदवी घेऊन आलेली मी आता लॅबची इन्चार्ज आहे, आणि हे मी मिरवून सांगते कारण ते मी कष्टाने मिळवलंय. पाक तयार झाला की नाही हे मी सांगते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, आत साखरेचा आकडा दिसतो. ऑपरेटर युसुफभाई व्हॉल्व्हवर हात ठेवून विचारतात, "मॅडम, खलास करूँ?" मी म्हणते, "नहीं भाई, रुको." आणि मोठमोठ्या टाक्या माझ्या एका शब्दावर थांबतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिथेही तेच करतेस." इतकी वर्षं परदेशात काढून मला मिळालेलं हे सर्वांत मोठं सर्टिफिकेट.

आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाबांचे गुडघे गेले, आणि धाकटा भाऊ मंगेश झाडांवर चढायला लागला. बाबा खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सूचना देतात, आणि खुर्चीतल्या माणसाच्या सूचना कोणाला आवडतात? गेल्या वर्षी बाबांनी थांब थांब करत इतका उशीर केला की गावात सगळ्यांची काकवी विकून झाली तेव्हा आमचं चुलाण पेटलं. या वर्षी मंगेशने हायवेवरच्या एका रिसॉर्टची ऑर्डर धरली होती. तो मला स्पष्ट म्हणाला, "ताई, या वर्षी बिनसलं तर मी बोईसरला कंपनीत लागतो. झाडं मग तू आणि बाबा बघा." तो धमकी देत नव्हता. मंगेश तोंडाने फटकळ आहे, पण बोलतो ते करतो. तो उतरला असता तर त्या झाडांवर पुन्हा कोणी चढणार नव्हतं.

या वर्षी थंडी लांबली. गावातल्या बाकीच्यांनी मडकी बांधली. मंगेश म्हणे आता सुरू करू, बाबा म्हणत थांब. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले आणि दोघंही मला फोन करायला लागले.

एका दुपारी मी लॅबमध्ये असताना बाबांचा फोन आला. आवाज अगदी खाली आणलेला. "मला चव लागत नाही गं," म्हणाले. "मागच्या तापात गेली ती आलीच नाही. वासही नाही. मंगेशला बोलू नको. तो म्हणेल, मग कशाच्या जोरावर थांबवता?" जो माणूस जिभेवर थेंब ठेवून कुठल्या झाडाची नीरा आहे ते सांगायचा, त्याला आता मीठ आणि साखर सारखीच. मी टाक्यांकडे बघत उभी राहिले आणि रडले. युसुफभाईंनी न विचारता व्हॉल्व्ह सांभाळला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मंगेशचा व्हिडिओ कॉल. स्वारी खुशीत. बाबांना न विचारता त्याने एका झाडाला चीर दिली होती आणि मीच भेट दिलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर नीरा तपासली होती. "ताई, आकडा एकदम मस्त! तुझंच मशीन सांगतंय. आता सांग बाबांना." आकडा खरंच चांगला होता. माझ्या लॅबमध्ये मी बेधडक सही केली असती. पण मी म्हटलं, "फोन मडक्यावर ने." मडक्याच्या गळ्याशी फेस आला होता. "आता खोडावर ने." खोडावर मुंग्यांची रांग लागली होती, लग्नाच्या वरातीसारखी निवांत.

साखर आली होती, रात्र अजून तयार नव्हती. ती नीरा चुलाणापर्यंत आंबलीच असती. मी म्हटलं, "मंगेश, थांब. मुंग्या अजून चालतायत."

तो म्हणाला, "तिकडे एसीत बसून थांब म्हणायला काय जातंय तुझं? थांबतो तर आम्ही." गेलेल्यांना राहिलेल्यांनी एकदा तरी ऐकवायचं असतं ते हे वाक्य. मला लागलं. पण माझं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर असताना मागे हटायला मला येत नाही. मी म्हटलं, "हो, एसीत बसून सांगतेय. ऑर्डर हुकली तर रिसॉर्टवाल्याला मी फोन करीन. माझं नाव सांग. पण आणखी एकाही झाडाला हात लावू नको." त्याने फोन कापला.

पुढचे काही दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसातून दहादा फोनवर डहाणूचं तापमान बघायची. माझी मुलगी इरा म्हणाली, "आई, यू आर ऑब्सेस्ड. इट्स जस्ट वेदर." हिला काय सांगणार? इकडे बाल्कनीत बसायला छान हवा पडली होती, शेजारणी शालीवरून चर्चा करत होत्या, आणि माझी थंडी समुद्रापलीकडे अडकली होती. चूक ठरले असते तर भाऊ गेला असता, झाडं गेली असती, आणि बाबांचा त्या वाडीतला शेवटचा शब्दही.

मग एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये मंगेशचा मेसेज आला. एक फोटो, खाली एक अक्षर नाही. शिंदीचं खोड, दवाने काळंभोर झालेलं. मी बोटांनी मोठं करून करून बघितलं. एकही मुंगी नव्हती. मी बसमध्ये "यल्ला! चला!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडले की ड्रायव्हरने आरशात बघितलं.

पहिली कढई आटली त्या शनिवारी त्यांनी मला व्हिडिओवर घेतलं. मंगेशने चमचाभर काकवी घेतली, फुंकर घालून गार केली आणि बाबांना दिली. बाबांनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली. "अजून जरा," म्हणाले. मंगेश म्हणाला, "बरं," आणि डाव फिरवायला लागला. डावावरून पडणारी धार मला दिसत होती. काकवी झाली होती. चार ढवळण्यांत ती करपायला लागली असती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष कढईखाली गेलं. तिथे विस्तवच नव्हता. लाकडं आधीच ओढून बाजूला विझवून ठेवली होती.

मंगेश फोन घेऊन घरामागे आला. मी विचारलं, "तुला माहीत आहे?" तो म्हणाला, "केव्हाचं. एकदा आमटीत मीठ घालायचं राहिलं, बाबांनी दोन वाट्या ओरपल्या."

"मग भांडलास कशाला त्यांच्याशी?"

"मला वाटलं, चव गेली म्हणजे आता नुसता हट्ट उरलाय. मुंग्यांचं मला कुठे ठाऊक होतं, ताई? ते त्यांनी तुला शिकवलं."

जी निघून जाणार होती तिला शिकवलं, आणि जो राहिला त्याला नुसतं वर चढवलं. मी म्हटलं, "आता कळलं ना? पुढच्या वर्षी मला विचारू नको. तुझं तू ठरव."

"विचारणार," तो म्हणाला. "नाहीतर भांडू कोणाशी? बाबांशी आता भांडवत नाही."

माझ्यासारखे जे बॅग भरून निघून आले त्यांना सांगते, दुबईत मी उपरी नाही. करामातलं घर माझं आहे, ती फॅक्टरी माझी आहे, इराचं तर सगळं जगच इथलं आहे. आणि तरी डहाणूजवळच्या त्या अंगणात माझ्याशी भांडायला एक माणूस राखून ठेवलाय, याचा मला जो आनंद झाला तो दुसऱ्या कशाने झाला नाही. माझं घर आता तेवढं आहे, आणि मला पुरतं.

पुढून बाबांची हाक आली, "काय म्हणतेय ती? उतरवायची का कढई?" मंगेशने फोन त्यांच्यासमोर धरला. विझलेल्या चुलाणासमोर ते चमचा हातात घेऊन बसले होते, उत्तराची वाट बघत.

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तेव्हा, बाबा."