पंचफुलाबाई आणि मल्लय्याचा कुत्रा

हैदराबादच्या गौलीगुड्यात भाजीबाजाराच्या मागे एक मराठी प्राथमिक शाळा होती आणि तिथल्या पहिलीच्या वर्गावर पंचफुलाबाई होत्या. मूळच्या नांदेडकडच्या. वडील सूर्यभान रेल्वेच्या कारखान्यात लागले तेव्हा सगळं बिऱ्हाड तारनाक्याच्या बाजूला आलं. गावात पाणवठ्यापासून लांब उभं राहायला शिकलेली ही पोर शहरात येऊन शिकली, ट्रेनिंग करून मास्तरीण झाली. लग्न झालं, पण नवरा विषमज्वरानं लवकर गेला आणि त्या वडिलांकडे परत आल्या. आता साऱ्या जातींची पोरं त्यांचा पदर धरून रडत आणि त्याच पदराला नाक पुसत. बाईंना त्याचं अप्रूप होतं. बोलून मात्र त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

छप्पन्न सालच्या दिवाळीत हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, शहर आंध्रात राहिलं. कचेऱ्यांतल्या मराठी कारकुनांना औरंगाबादला, मुंबईला बदलीचे हुकूम येऊ लागले. पहिलीतल्या पोरांना त्यातलं एवढंच कळलं की आपल्या शेजारचं कुणीतरी एकदम यायचं बंद होतं. गंगूच्या शेजारची तारामती अशीच गेली. दोघी एका पाटीवर लिहायच्या. तारामतीची गाडी नामपल्लीहून सुटली, आणि त्या दिवसापासून गंगू वर्गात तोंड उघडेना. हजेरीलाही नुसती मान हलवायची.

बाईंनी तिला छेडलं नाही. धडे पुढे चालू ठेवले. थंडी पडली तेव्हा मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचा धडा आला. पुस्तकातल्या चित्रात हिरवीगार टेकडी होती आणि तिच्यावर झुपकेदार शेपटीचा, पांढऱ्या छातीचा कुत्रा.

"बाई, ये तो साहब लोगां का कुत्ता है," पहिल्या रांगेतला दत्तोबा म्हणाला.

"खरंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक मिटलं. "आपल्याकडचा धनगरी कुत्रा निराळा असतो. अंगानं सडसडीत, लांब पायांचा, राठ केसांचा. आमच्या गावाला धनगर शेतात मेंढरं बसवायचे, खत पडावं म्हणून. मी आईबरोबर त्यांच्यासाठी सरपण घेऊन जायची. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा. का, सांगा बरं?"

पोरं आपापल्या गळ्याला हात लावून बघू लागली.

"लांडगा आधी नरडं धरतो. खिळे टोचले की सोडतो."

मग प्रश्नांची सरबत्ती. तो झोपतो कधी? दिवसा, मेंढरं बसली की, एक कान उभा ठेवून. मेंढरांना चावतो का? नाही. कुणी बाजूला फुटलं तर वळसा घालून त्याच्या पुढं जाऊन उभा राहतो. मेंढरू आपणच माघारी वळतं. मग बाईंनी सगळ्यांना अंगणात नेलं. निम्मी पोरं मेंढरं झाली, बाकीची पाळीपाळीनं कुत्रा. नुसता गोंधळ. प्रत्येक कुत्र्याला मेंढराला हातच लावायचा असे आणि बाई पुन्हापुन्हा सांगत, "हात नक्को. वळसा घाल, वळसा."

गंगू पायरीवर बसून बघत होती. शाळा सुटल्यावर ती दारात घुटमळली आणि किती दिवसांनी बोलली.

"बाई, मेंढरू दुसऱ्या कळपात गेलं तर कुत्रा त्याला आणतो?"

हो म्हणणं सोपं होतं. पण त्यांनी लहानपणी पाहिलं होतं ते वेगळं होतं.

"चुकून गेलं तर आणतो," त्या म्हणाल्या. "मालकानंच दुसऱ्याला दिलं असेल तर नाही आणत. दोन-चार दिवस त्या बाजूला तोंड करून बसतो. मग उरलेल्यांकडे बघतो."

गंगूनं मान डोलावली आणि ती घरी गेली. पोरीला रडवलं तर नाही ना आपण, या विचारानं बाईंना रात्री जेवण गेलं नाही.

त्यात घरीही जाण्याचीच बोलणी चालू होती. भाऊ संभाजी ऑक्टोबरात नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्यानं भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरवल्या होत्या, आणि आता त्याला नांदेडला नोकरी लागत होती. वडिलांची पेन्शन जवळ आलेली. "अक्का, तूही चल," तो रोज म्हणे. "तिकडे आपली भाषा. मास्तरणी हव्याच आहेत. इथं मराठी शिकायला उरणार कोण?"

बाई "बघू" म्हणायच्या.

त्याच आठवड्यात मुशी नदीच्या पात्रात चादरघाटाच्या पुलाखाली मेंढरांचा एक कळप उतरला. बाईंनी हेडमास्तर नामदेवरावांकडे पोरांना न्यायची परवानगी मागितली.

"कुत्रा चावला म्हणजे?" नामदेवराव म्हणाले.

"पळाली नाहीत तर नाही चावणार. मी पुढं राहीन."

नामदेवराव स्वतःच छत्री घेऊन बरोबर निघाले.

मेंढपाळाचं नाव मल्लय्या. त्यानं बाईंचं मोडकंतोडकं तेलुगू ऐकून घेतलं आणि हसत काठीनं दाखवलं, "कुक्का तिथं." कुत्रा वाळूत पडला होता. मळकट, एक कान फाटलेला. पोरांची जरा निराशाच झाली. तेवढ्यात तो उठला, तशी दत्तोबानं किंकाळी फोडली आणि पोरं वाट फुटेल तिकडे पळाली. कुत्रा त्यांच्या मागे.

"पळू नका. उभे राहा जिथल्या तिथं." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. नामदेवराव छत्री उगारून मध्येच थबकले. पोरंही थबकली, एकेक करत. कुत्र्यानं त्यांच्याभोवती मोठा वळसा घेतला, पुढं येऊन उभा राहिला, वास घेतला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन पडला.

गंगू हललीच नव्हती. ती हसत होती, अगदी पोट धरून. "दत्तोबा मेंढरू झाला," ती म्हणाली. मग सगळेच हसले, दत्तोबासुद्धा, जरा उशिरानं. परतीच्या वाटेवर गंगूनं त्याचा हात धरला आणि त्याला खिळ्यांच्या पट्ट्याचं सांगत राहिली. मल्लय्याच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, नुसती सुतळी होती, हे तिनं बरोबर टिपलं होतं.

संध्याकाळी बाईंनी भावाला सांगितलं, "मी इथंच राहते."

"का?"

"गंगू आज भरभरून बोलली."

संभाजीला गंगू कोण ते ठाऊक नव्हतं. त्यानं वडिलांकडे बघितलं. सूर्यभान म्हणाले, "राहू दे तिला. आपण दोघं जाऊ. सुट्टीत येईल ती."

पुढं मराठीचे वर्ग खरंच आटत गेले. पहिली-दुसरी एका खोलीत आली, मग शेजारच्या तेलुगू शाळेत शाळा मिसळली. तिशी ओलांडलेल्या पंचफुलाबाई संध्याकाळी तेलुगू बाराखडी गिरवायला बसत आणि अक्षरं गोल येत नाहीत म्हणून स्वतःवरच चिडत. नव्या वर्गात त्यांनी पहिल्यांदा तेलुगूतून शिकवलं तेव्हा पोरांनी त्यांना चारदा दुरुस्त केलं. बाईंनी चारही वेळा फळा पुसला आणि पोरं सांगतील तसं पुन्हा लिहिलं.