पाखऱ्याचं आवतन

मलकापूरहून निघालेल्या एस.टी.ने मोताळ्याच्या अलीकडेच जीव सोडला. रोहिणखेडची जुनी मशीद पाहायला मी निघालो होतो. रेल्वेत रात्रभर जागून अंग आंबलं होतं, त्यात आता भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. या वयात फिरायला सांगितलं होतं कुणी, असं मी स्वतःलाच विचारत होतो. "दुसरी गाडी येऊन राह्यली," कंडक्टर म्हणाला. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी थांबला तो एक 'छोटा हाथी' (मालवाहू टेम्पो). चालक सलीमभाईंनी डोकं बाहेर काढलं. "रोहिनखेडले जाऊन राह्यलो. पन पुढं सरकीच्या ढेपीचे पोते हायेत. हाथीच्या पाठीवर बसा लागन."

मागे एक म्हातारा बैल उभा होता आणि त्याचा कासरा धरून एक म्हातारा माणूस, नामदेवराव. बैलाचं नाव पाखऱ्या. म्हणजे हत्तीच्या पाठीवर पाखरू! एवढ्या जड देहाला असं हलकं नाव ठेवणाऱ्यांचं मला कौतुक वाटलं, पण खड्डे सुरू झाले आणि माकडहाडाने सगळं कौतुक विसरायला लावलं.

"डॉक्टरले दाखवाले नेलं होतं," नामदेवराव म्हणाले. "पाय सुजला. बैल यंदाचा पोळा पाहीन, म्हने. पुढचं सांगता येत नाही."

पोळा दुसऱ्याच दिवशी होता. "मग उद्या तोरणाखाली उभा राहील ना?" मी विचारलं.

"गजानन असता त राह्यला असता. माह्या पोराशिवाय तो कोनाचंच आयकत नाही."

गजानन कुठे आहे, ते मोताळ्याच्या चौकात चहा पिताना सलीमभाईंनी नामदेवरावांकडे बोट करत सांगितलं. "चिखलीले राह्यते. आखाजीले (अक्षय तृतीयेला) भर पंगतीत, सासऱ्यासमोर, यायनं त्याले बैल म्हनलं. तवापासून घरी पाय नाही ठेवला."

"लहानपनापासून म्हनतो बे मी त्याले," नामदेवराव पुटपुटले आणि बशीतला चहा तसाच ठेवून उठले.

मला त्यांचा राग आला नाही. माझेही वडील असेच होते. आपला तो बाब्या, ही म्हण आमच्या घरात कधी शिरलीच नाही. शेजाऱ्याचा मुलगा वाघ, आणि मी एक तर बैल नाहीतर गाढव. घरातल्या घरात ते अंगवळणी पडतं. व्याह्यांसमोर तोच शब्द कसा लागत असेल, ते ज्याचं त्याला ठाऊक.

रोहिणखेडला पोचून मशीद पाहिली. दगडी भिंती, सुंदर कोरीव काम आणि छान गार सावली. मी मात्र तिथे बराच वेळ नुसता बसून राहिलो. परतीची गाडी थेट दुसऱ्या सकाळी होती, म्हणून नामदेवरावांनी आग्रहाने घरी नेलं. त्यांची बायको गयाबाई घोडीवर (लाकडी शिडीवर) चढून दाराला आंब्याची पानं बांधत होती. तिने हातपाय धुवायला पाणी दिलं, भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी वाढली. मी भुकेला होतो, दोन घास जास्तच जेवलो.

दिवस मावळताना खांदशेकणी झाली. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद आणि तूप चोळतात आणि बैलाला जेवणाचं निमंत्रण देतात. तेही अहोजाहो करून! "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," नामदेवराव म्हणाले. पाखऱ्याने खांदा झटकून मान फिरवली. त्यांनी पुन्हा हात लावला, तो पुन्हा सरकला.

गयाबाईने मोबाईल लावला, आवाज मोठा केला आणि नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"हॅलो? आई?"

नामदेवरावांचे हात हळदीने माखलेले होते. ते बैलाकडेच बघत होते. तसेच फोनमध्ये म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पलीकडून आवाज आला, "बैल समजून बलावता का मले?"

"हाव," म्हातारा म्हणाला. "पोराले कोन आवतन देते बे? पोरगा त घरचाच असते."

फोन बंद झाला. गयाबाई पदराने डोळे पुसत आत गेली.

सकाळी मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. गाडीतून एक तरुण उतरला, काखेत बैलाची नवी झूल.

"गजानन का?" मी विचारलं.

"हाव. तुमी कोन?"

"तुमच्या घरचा कालचा पाहुणा."

"पाखऱ्यानं खांदा शेकू देला का?"

"नाही दिला."

तो हसला आणि झपाझप गावाकडे निघाला. मी गाडीत त्याच्याच रिकाम्या जागेवर बसलो.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. कंबर अजून दुखते आणि त्या मशिदीचं कोरीव काम मला धड आठवतही नाही. पण इतक्या मानाने मला कुणी बोलावलं असतं, तर मीही गेलो असतो. बैल म्हणून तर बैल म्हणून.