गवत नसलेल्या मैदानाचे माळीबुवा

आमच्या गोल्फच्या मैदानावर गवताचं एक पातं नव्हतं, म्हणूनच ते राखणाऱ्या वेल्डरला आम्ही माळीबुवा म्हणायचो. परदेशातल्या त्या कारखान्यात आम्ही सात मराठी माणसं होतो. माळीबुवा वर्कशॉपमध्ये, मी कार्यालयात. वसाहतीमागच्या बंद पडलेल्या दगडखाणीत त्यांनी सुट्ट्यांमध्ये खपून नऊ होल आखले होते. प्रत्येकाने गालिच्याचा हातभर तुकडा बरोबर न्यायचा, त्यावर चेंडू ठेवून मारायचा आणि तुकडा काखेत धरून पुढे चालायचं. होलभोवती जुनं तेल पाजून दाबलेली वाळू असायची.

"काय माळीबुवा, यंदा बागेत काय लावलंय?"

"दगड. खत न घालता येतात बघा!"

पाचवा होल टेकाडाआड होता. तिथे त्यांनी रुळाचा तुकडा टांगला होता. पुढच्याने वाळू सारखी करून बाजूला व्हायचं आणि मग त्यावर ठोका द्यायचा. ठोका ऐकल्याशिवाय मागच्याने मारायचं नाही. बाकी सगळ्यात ते सूट देत, यात नाही.

एका सुट्टीच्या सकाळी मी पहिल्यांदाच खेळात आमच्या मॅनेजरसाहेबांच्या पुढे होतो. माळीबुवा टेकाडापलीकडे एकटेच होते. ठोका येईना. सात मिनिटं झाली.

"ऊन चढायला लागलंय," साहेब म्हणाले.

"विसरले असतील," मी म्हणालो आणि चेंडू मारला. माळीबुवा ठोका कधीच विसरत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वर जाऊन पाहतो तर ते उजवं मनगट धरून बसलेले, माझा चेंडू शेजारीच पडलेला. वाळू निम्मीच सारखी झाली होती.

"ठोका कुठं दिला होता मी?"

मॅनेजरसाहेब मागून धापा टाकत येत होते. माळीबुवा हळूच म्हणाले, "घसरून पडलो म्हणून सांगा. नाहीतर उद्या मैदानाला कुलूप लागेल."

त्यांना मैदानाची काळजी होती. माझ्या डोक्यात मात्र त्याच महिन्यात व्हायचं असलेलं माझ्या कराराचं नूतनीकरण होतं. "पाय घसरला त्यांचा," मी साहेबांना सांगितलं आणि माळीबुवांना दवाखान्यात घेऊन गेलो.

अपघाताचा फॉर्म माझ्याच टेबलावर भरला जायचा. कारणाच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पाय घसरून'. निष्काळजीपणाचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ते मी घातलं. तसं लिहिलं की चौकशी होत नाही, हे मला माहीत होतं.

हाड जुळलं, पण मनगट वळेना. जखमी कामगाराला हलकं काम द्यायचा नियम होता, फक्त चूक त्याची स्वतःची नसली तर. चार महिन्यांनी माळीबुवांना घरी पाठवलं. निघतानाही ते मला वाळूला तेल किती पाजायचं ते समजावत होते. मी मान डोलावत राहिलो.

याला अकरा वर्षं झाली. पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. मागच्या महिन्यात एका रविवारी त्यांना फोन केला आणि फॉर्मवर काय लिहिलं होतं ते सांगितलं.

"निष्काळजीपणा मी म्हटलं नव्हतं."

"नाही."

"हलकं काम त्यामुळेच नाही मिळालं?"

"हो."

मागून वहिनींचा आवाज आला, "कोण आहे हो?"

"आपले ऑफिसातले. मला दवाखान्यात नेलं होतं ते." मग मला म्हणाले, "ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला खरं काय घडलं ते लेखी कळवलं आणि एक प्रत त्यांना पाठवली. ती पोचल्याची पावती आली. फोन मात्र आलेला नाही, आणि मी परत केलेला त्यांनी उचलला नाही.